पालकांनी भरलेला कागद आणि त्यातलं मूल

शाळेतल्या मुलांच्या भावनिक आणि वर्तनविषयक अडचणींची पाहणी करायची ठरली, की बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा हाती येतो तो एक छापील कागद. त्यावर मुलाच्या वागण्याविषयी काही विधानं असतात आणि प्रत्येक विधानापुढे तीन चौकोन : ‘खरं नाही’, ‘थोडंफार खरं’, ‘अगदी खरं’. आई किंवा वडील खुणा करतात, कागद शाळेत परत येतो, कोणीतरी गुणांची बेरीज करतं आणि एक आकडा मिळतो. त्या आकड्यावरून काही मुलं ‘ठीक’ ठरतात आणि काहींच्या नावापुढे खूण पडते.

एखादं पाठ्यपुस्तक हाती आलं की आपण ते चिकित्सक नजरेनं वाचतो. उदाहरणं कुठली घेतली आहेत, शब्द मुलांना कळतील का, स्वाध्याय नेमकं काय तपासतात, असे प्रश्न विचारतो. या कागदाला मात्र असे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत. तो ‘शास्त्रीय’ आहे एवढं ऐकलं की पुरतं. म्हणून या लेखात आम्ही अशा एका प्रश्नावलीचं परीक्षण करायचं ठरवलं आहे. तिचं नाव ‘स्ट्रेंग्थ्स अँड डिफिकल्टीज क्वेश्चनेअर’, म्हणजे मुलाच्या जमेच्या बाजू आणि अडचणी यांची प्रश्नावली. लंडनचे बालमानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट गुडमन यांनी ती १९९७ साली प्रसिद्ध केली. जगभर ती अनेक भाषांतून वापरली जाते. आपल्याला सोयीसाठी तिला ‘पंचविशी’ म्हणता येईल, कारण तिच्यात बरोबर २५ विधानं आहेत.

आधीचा इतिहास

पंचविशी आकाशातून पडली नाही. इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट नावाचं बेट आहे. तिथे १९६४-६५ मध्ये मायकेल रटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांची मोठी पाहणी केली. सगळ्या मुलांची तज्ज्ञांकडून तपासणी करणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी दोन टप्पे ठरवले. पहिल्या टप्प्यात पालकांना ३१ विधानांची आणि शिक्षकांना २६ विधानांची प्रश्नावली दिली. ज्यांचे गुण ठरावीक रेषेपलीकडे गेले, त्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष भेटून सविस्तर बोलणं झालं. निदान झालं ते या दुसऱ्या टप्प्यात. पहिला टप्पा ही केवळ चाळणी होती. चाळणीवर काय राहिलं ते हातात घेऊन निवडावं लागतं, ही गोष्ट रटर यांच्या मनात स्पष्ट होती.

पुढे अमेरिकेत टॉमस अॅकनबाक यांनी पालकांसाठी ११८ विधानांची लांबलचक यादी तयार केली. तिच्यात घाबरणं, रुसून बसणं, एकटं राहणं अशा ‘आत वळणाऱ्या’ आणि मारामारी, मोडतोड, खोटं बोलणं अशा ‘बाहेर पडणाऱ्या’ अडचणी वेगळ्या मोजता येतात. आपल्याकडे चंडीगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेत याच यादीच्या आधारे ७५ प्रश्नांची भारतीय आवृत्ती १९८८ साली प्रसिद्ध झाली.

या यादीत एक त्रास होता. ओळीनं शंभरावर दोष वाचता वाचता पालक वैतागतात. आपल्या मुलाविषयी कोणी चांगलं काही विचारतच नाही, असं त्यांना वाटतं. गुडमन यांनी नेमकी ही अडचण ओळखली. त्यांची प्रश्नावली एका पानात मावते. तिच्यात पाच गट आणि प्रत्येक गटात पाच विधानं : भावनिक त्रास, वर्तनाच्या तक्रारी, अतिचंचलता व लक्ष न लागणं, सवंगड्यांशी संबंध आणि दुसऱ्याला मदत करण्याची वृत्ती. गुडमन यांच्या हिशेबानं २५ पैकी १० विधानं चांगल्या गुणांची, १४ अडचणींची आणि एक तटस्थ आहे. पालकांचा मान राखणारी ही रचना आहे आणि याचं श्रेय गुडमन यांना दिलंच पाहिजे.

विधानं वाचू या

आता ते एक तटस्थ विधान पाहू. त्याचा आशय असा, की या मुलाचं इतर मुलांपेक्षा मोठ्या माणसांशी अधिक जमतं. विधान तटस्थ म्हटलं आहे, पण गुण देताना ते अडचणींच्या बेरजेत जातं. आजी-आजोबांच्या घरात वाढलेल्या, गल्लीत बरोबरीचं मूल नसलेल्या पोरीच्या आईनं इथे प्रामाणिकपणे ‘अगदी खरं’वर खूण केली, तर मुलीच्या खात्यावर दोन गुण चढतात. एकट्यानं खेळायला आवडतं, या विधानाचंही तसंच. जे मूल तासन्‌तास मुंग्यांचं वारूळ बघत बसतं किंवा पुस्तकात डोकं घालून असतं, त्याच्या खात्यावर आणखी दोन. सवंगड्यांशी संबंधांचा गट फक्त पाच विधानांचा असल्यामुळे दोन निरुपद्रवी उत्तरांनी त्या गटाचा आकडा लगेच वर जातो.

दुसरं उदाहरण आज्ञाधारकपणाचं. मोठी माणसं सांगतात ते हे मूल सहसा ऐकतं, अशा आशयाचं एक विधान आहे. ते खरं नसेल तर वर्तनाच्या तक्रारींत गुण वाढतात. पण ‘सहसा’ म्हणजे किती वेळा? ज्या घरात वडिलांपुढे ब्र काढायची रीत नाही, तिथे एकदा उलट बोललेला मुलगाही न ऐकणारा ठरतो. ज्या घरात ‘का?’ असं विचारायला मुलांना उत्तेजन मिळतं, तिथे तेच वागणं कोणाच्या लक्षातही येत नाही. ‘बरेचदा’, ‘सहसा’, ‘फार’ हे सगळे शब्द मुलाइतकंच उत्तर देणाऱ्याच्या अपेक्षांविषयीही सांगत असतात.

तिसरी गोष्ट भाषेची. मुलाला खूप काळजी वाटते का, हे विचारायचं आहे. मराठीत ‘काळजी’ हा शब्द दोन्हीकडे चालतो. धाकट्या भावाची काळजी घेणारी मुलगी गुणी म्हणायची, आणि परीक्षेची काळजी करून रात्री जागी राहणारी मुलगी त्रासात आहे. ‘ती फार काळजी करते’ हे वाक्य आपल्या घरांत पुष्कळदा कौतुकानंही म्हटलं जातं. ‘शहाणं बाळ’ म्हणजे तर बहुतेक वेळा गप्प बसणारं बाळ! तेव्हा अशा प्रश्नावलीचं शब्दाला शब्द भाषांतर करून भागत नाही. ते विधान वाचून आईच्या मनात नेमकं काय येतं, हे बोलून पाहावं लागतं.

आई एक सांगते, बाई दुसरंच

शिक्षकांच्या खोलीत एक अनुभव सर्वांचा असतो. पालक सांगतात, ‘घरी हा फार त्रास देतो’ आणि आपल्याला वर्गात तो मुलगा शांत दिसतो. किंवा उलट. यावर भरपूर संशोधन झालं आहे. अॅकनबाक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८७ साली ११९ अभ्यास एकत्र करून पाहिले. दोन माणसांची उत्तरं किती जुळतात, हे सहसंबंध गुणांक या आकड्यानं सांगतात. एकाचे गुण वाढतात तसे दुसऱ्याचेही तंतोतंत त्याच प्रमाणात वाढत गेले तर १, काहीच संबंध नसेल तर ०. आई आणि वडील यांच्यासारख्या एकाच ठिकाणी मुलाला पाहणाऱ्या दोघांमध्ये हा आकडा सरासरी ०.६० आला. पालक आणि शिक्षक अशा वेगळ्या ठिकाणी पाहणाऱ्यांमध्ये तो ०.२८ आला. मुलाचं स्वतःचं म्हणणं आणि इतरांचं म्हणणं यांत तर ०.२२ इतकाच. ०.२८ चा वर्ग केला तर सुमारे ०.०८ येतो. म्हणजे मुलामुलांत दिसणाऱ्या फरकांपैकी जेमतेम आठ टक्के फरक दोघांच्या उत्तरांत समाईक आहे. पुढे २०१५ साली ३४१ नव्या अभ्यासांची अशीच छाननी झाली, तेव्हाही आकडा ०.२८ च आला. मधल्या काळात प्रश्नावल्या सुधारल्या, पण हे अंतर मिटलं नाही.

याचा सोपा अर्थ असा लावला जातो की दोघांपैकी कोणीतरी चुकतं आहे, आणि मग बोट दाखवलं जातं पालकांकडे. ‘आईला काय कळतं, ती तर माया करणार’ किंवा ‘तिला स्वतःलाच ताण आहे’ असं म्हटलं जातं. आई स्वतः खिन्नतेच्या आजारात असेल तर तिला मुलाच्या अडचणी वाढवून दिसतात का, यावरही बराच वाद झाला आहे. १९९२ साली जॉन रिक्टर्स यांनी तोवरचे अभ्यास तपासून दाखवलं, की ‘अशा आया अतिशयोक्ती करतात’ हा निष्कर्ष काढायला पुरेसा आधार नव्हता. आई खिन्न असेल तर मुलाला खरोखरच जास्त त्रास होत असेल, ही शक्यता बहुतेकांनी नीट तपासलीच नव्हती. पुढच्या अभ्यासांत थोडासा कल आढळला, पण आईचं म्हणणं बाजूला सारावं इतका मोठा नाही.

आपल्याकडे बोट दाखवणारा एक अभ्यासही सांगायला हवा. जॉन वाइझ आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली थायलंड आणि अमेरिकेतल्या शाळांची तुलना प्रसिद्ध केली. थाई शिक्षकांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या जितक्या तक्रारी नोंदवल्या, त्या अमेरिकन शिक्षकांपेक्षा जास्त होत्या. पण प्रशिक्षित निरीक्षकांनी वर्गात बसून प्रत्यक्ष मोजलं, तेव्हा थाई मुलांचं त्रासदायक वागणं अमेरिकन मुलांच्या निम्म्याहूनही कमी भरलं! थाई शिक्षकांची शिस्तीची अपेक्षा इतकी उंच होती की थोडी चुळबुळही त्यांना खुपत होती. मोजपट्टी पालकांच्या हातात असताना जशी ताणली जाते, तशी ती आपल्या हातातही ताणली जाते.

आमच्या मते या अंतराचा अर्थ वेगळा घ्यायला हवा. मूल घरी आणि शाळेत खरोखर वेगळं वागतं. वर्गात चाळीस जणांत हरवलेलं मूल घरी येऊन आदळआपट करतं. घरी धाकात असलेलं मूल शाळेत मोकळं सुटतं. सकाळी पोट दुखतं म्हणणारी मुलगी अकरा वाजता वर्गात हसताना दिसते, पण आईनं पाहिलेली पोटदुखी त्यामुळे खोटी ठरत नाही. दोन उत्तरांची सरासरी काढली तर नेमकी हीच माहिती हरवते.

आणि एका बाबतीत पालक व शिक्षक दोघंही कमी पडतात. १९८७ च्याच छाननीत, बाहेर पडणाऱ्या अडचणींबाबत दोन माणसांची उत्तरं जास्त जुळत होती आणि आत वळणाऱ्या अडचणींबाबत कमी. लहान मुलांबाबत जास्त, किशोरवयीनांबाबत कमी. वाइट बेटावरची मुलं चौदा-पंधरा वर्षांची झाल्यावर रटर यांच्या गटानं त्यांना पुन्हा गाठलं. तेव्हा अनेक मुलांनी मनातलं दुःख बोलून दाखवलं, आणि त्यांच्या आईवडिलांना वा शिक्षकांना त्याचा पत्ता नव्हता.

बेरजेनंतर काय होतं

पंचविशीतल्या मदतवृत्तीच्या गटाचे गुण अडचणींच्या बेरजेत धरत नाहीत. उरलेल्या २० विधानांची बेरीज ० ते ४० च्या दरम्यान येते. पालकांच्या उत्तरांसाठी मूळ वाटणी अशी होती : १३ पर्यंत ‘सामान्य’, १४ ते १६ ‘सीमेवर’, १७ पासून पुढे ‘असामान्य’. या रेषा कशा आखल्या? ब्रिटिश मुलांपैकी साधारण ८० टक्के पहिल्या, १० टक्के दुसऱ्या आणि १० टक्के तिसऱ्या गटात यावीत, अशा बेतानं. म्हणजे १७ या आकड्यात आजार सुरू होण्याची कोणतीही नैसर्गिक खूण नाही. शंभर मुलांना उंचीनुसार उभं करून शेवटची दहा ‘असामान्य बुटकी’ म्हणावीत, त्यातलाच हा प्रकार. पुढे प्रश्नावलीच्या कर्त्यांनीच नवी चार गटांची वाटणी दिली आणि ‘सरासरीच्या जवळ’, ‘किंचित वाढलेले’, ‘जास्त’, ‘फार जास्त’ असे सौम्य शब्द वापरले. हा बदल चांगला झाला. जुने शब्द मात्र अजून पुष्कळ कागदांवर भेटतात.

आता चाळणी म्हणून पंचविशी कशी आहे, ते पाहू. गुडमन आणि सहकाऱ्यांनी २००० साली ५ ते १५ वयाच्या ७,९८४ ब्रिटिश मुलांवरचे निष्कर्ष दिले. ज्यांना खरोखर मानसिक विकार होता, त्यांपैकी ६३.३ टक्के मुलं प्रश्नावलीनं ओळखली. ज्यांना नव्हता, त्यांपैकी ९४.६ टक्के मुलांना तिनं बरोबर वगळलं. ऐकायला हे उत्तम वाटतं. आपण उदाहरण सोडवू.

समजा १००० मुलांची शाळा आहे आणि त्यांतल्या १०० मुलांना खरोखर मदतीची गरज आहे. प्रश्नावली त्यांतल्या ६३ जणांना पकडेल, ३७ सुटतील. उरलेल्या ९०० पैकी ५.४ टक्के, म्हणजे सुमारे ४९ मुलांच्या नावापुढे उगाच खूण पडेल. एकूण ११२ खुणा, त्यांतल्या ४९ चुकीच्या. दर नऊ खुणांमागे साधारण चार मुलं अशी, की ज्यांना विकार नाही. वरच्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांना शेकडेवारीचा उपयोग दाखवायला हे गणित फळ्यावर जरूर करावं. गरज असलेली मुलं १०० ऐवजी ५० धरली तर काय होतं, हेही त्यांना काढू द्यावं. तेव्हा खऱ्या खुणांपेक्षा खोट्या खुणा जास्त होतात.

यात आणखी एक मेख आहे. वरचे आकडे पालक, शिक्षक आणि मोठी मुलं स्वतः अशा अनेकांची उत्तरं एकत्र घेतल्यावरचे आहेत. एकाच माणसाच्या उत्तरावरून ओळखण्याची ताकद बरीच कमी होते, असं त्याच अभ्यासात नोंदवलं आहे. केवळ पालकांचा कागद घेऊन यादी करणाऱ्या शाळेनं हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं.

देशोदेशीचे आणि आपले आकडे

भारतात, बांगलादेशात, ब्राझीलमध्ये मुलं जास्त त्रासात आहेत की ब्रिटनमध्ये, हे प्रश्नावलीच्या सरासरीवरून सांगता येईल का? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतासह सात देशांतल्या पाहण्यांची तुलना केली होती. प्रश्नावलीतला फरक आणि प्रत्यक्ष निदानातला फरक यांचा मेळ लागलाच असं नाही, असा निष्कर्ष निघाला. एका देशाची रेषा दुसऱ्या देशात तशीच नेता येत नाही.

आपल्या देशातही तेच. चंडीगढला ४ ते ११ वयाच्या ९६३ शाळकरी मुलांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. शिक्षकांच्या प्रश्नावलीनुसार अडचण असलेली मुलं १०.१७ टक्के, पालकांच्या प्रश्नावलीनुसार ७.४८ टक्के आणि तज्ज्ञांच्या तपासणीनंतर ६.३३ टक्के. बंगळूर परिसरात ० ते १६ वयाच्या २,०६४ मुलांच्या पाहणीत (२००५) विकारांचं प्रमाण १२.५ टक्के आढळलं. गोव्यात १२ ते १६ वयाच्या २,०४८ किशोरवयीनांच्या पाहणीत (२००८) ते अवघं १.८१ टक्के होतं. गोव्याची मुलं बंगळूरच्या सातपट सुखी आहेत, असा अर्थ कोणी काढू नये. वयोगट वेगळे, निदानाच्या पद्धती वेगळ्या आणि कशाला ‘त्रास’ म्हणायचं याच्या कल्पनाही वेगळ्या.

बंगळूरच्या पाहणीतला एक आकडा आम्हांला सर्वांत बोलका वाटतो. उपचारांची गरज वाटते का याचा अंदाज घेताना, केवळ ३७.५ टक्के कुटुंबांनी आपल्या मुलात काही अडचण असल्याचं मानलं. पालकांना मुलाचं वागणं दिसत असतं. पण ते ‘अडचण’ या सदरात टाकायचं की ‘वय आहे, जाईल’ म्हणायचं, हे त्यांचं त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. वाइझ यांच्याच १९८८ च्या अभ्यासात मुलांच्या वागण्याची तीच वर्णनं वाचून थाई मोठ्या माणसांनी अमेरिकनांपेक्षा कमी काळजी दाखवली. हे मूल पुढे सुधारेल, असं त्यांना अधिक वाटलं. हा दिलासा कधी मुलाला सावरतो आणि कधी मदत लांबवतो.

मग कागद फेकून द्यायचा का?

आमचं उत्तर ‘नाही’ असं आहे. मुलाला झोपताना, आजारी असताना, सुट्टीत, भांडणात पाहणारं माणूस म्हणजे पालक. त्यांच्याजवळची ही माहिती शाळेला दुसरीकडून मिळणार नाही. पंचविशी ती माहिती पाच मिनिटांत, पालकांना न दुखवता मागते. दोष आहे तो बेरीज हाच निकाल मानण्यात.

म्हणून काही गोष्टी पाळाव्यात, असं आम्हांला वाटतं. एकूण आकड्याआधी प्रत्येक विधानाचं उत्तर वाचावं. घरचा आणि शाळेचा असे दोन कागद शेजारी ठेवून जिथे फरक दिसतो, तिथून पालकांशी बोलायला सुरुवात करावी. ‘तुमच्या मुलाचे १८ आले’ असं पालकांना कधीही सांगू नये. ‘नव्या ठिकाणी तो बिलगून राहतो असं तुम्ही लिहिलंय, ते कधीपासून?’ असं विचारावं. आकडा हजेरीपटाशेजारी किंवा दाखल्याच्या फायलीत जाता कामा नये.

गुडमन यांनी १९९९ साली जोडलेली पुरवणी जरूर वापरावी. या अडचणीमुळे मुलाला स्वतःला त्रास होतो का, घर, मैत्री, अभ्यास, खेळ यांत ती आड येते का, असे प्रश्न तिच्यात आहेत. उपचार केंद्रात आलेली मुलं आणि इतर मुलं यांतला फरक लक्षणांच्या बेरजेपेक्षा या पुरवणीनं अधिक चांगला ओळखता आला, असं तेव्हा दिसलं होतं. एकट्यानं खेळणारं मूल आनंदात असेल, तर त्याचं वारूळ-निरीक्षण चालू द्यावं. एकटं पडल्याचं दुःख असेल, तर वर्गात कोण त्याला टाळतं आहे हे पाहणं आपलं काम आहे. लक्ष न लागण्यामागे अधू नजर, कमी ऐकू येणं, वाचनातली अडचण किंवा चिडवाचिडवी आहे का, हेही आपल्यालाच आधी पाहता येतं. अकरा वर्षांच्या पुढच्या मुलांना स्वतः भरायची आवृत्तीही आहे. ती टाळू नये.

शेवटी एक गंभीर गोष्ट. स्वतःला इजा करणं किंवा मरणाचे विचार, याविषयी या २५ विधानांत एकही विधान नाही. मूल उदास, रडवेलं असतं का, एवढंच विचारलं आहे. तेव्हा एखाद्या विद्यार्थ्यानं वहीत, निबंधात किंवा मैत्रिणीजवळ तसं काही म्हटल्याचं कानावर आलं, तर त्याच्या कागदावरचा आकडा ७ आहे की २७, हे बघत बसू नये. त्याच दिवशी त्याच्याशी बोलावं, पालकांना बोलावून घ्यावं आणि तज्ज्ञाकडे न्यावं. केंद्र सरकारची टेली-मानस ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर शिक्षकही सल्ला विचारू शकतात.

ज्या शाळेजवळ पुढची मदत नाही, म्हणजे बोलायला वेळ नाही, समुपदेशक नाही, जवळच्या रुग्णालयाशी संबंध नाही, तिनं पंचविशी वाटण्याआधी ही व्यवस्था उभी करावी. पालकांनी खरं लिहावं अशी अपेक्षा धरायची, तर त्या लिहिण्याचं पुढे काय होणार हे त्यांना आधी सांगता आलं पाहिजे.